परक्या आज्यांचा संसार

जुनी वस्तू आणि भंगार यांत फरक काय, याचं उत्तर तराजूत आहे. भंगार किलोवर जातं, जुनी वस्तू नगावर येते. वस्तू तीच. आपल्या घरातून निघताना ती पोत्यात असते आणि दुसऱ्याच्या घरात शिरताना कागदी पिशवीत. मधल्या प्रवासात तिच्यावर फार मोठी प्रक्रिया होते असं नाही. मालक बदलतो आणि तिच्याबद्दल बोलणाऱ्याचा आवाज एक पट्टी खाली येतो, एवढंच.

हल्ली आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत असा एक कोपरा असतो. पितळी घंगाळात मनीप्लँट. शेजारी कंदील, ज्यात रॉकेलच्या जागी बॅटरीवरचा दिवा. मागे टाइपरायटर, ज्याची निम्मी अक्षरं दाबली की वर येतात आणि उरलेली वर आली की खाली जात नाहीत. हे सगळं एका लोखंडी ट्रंकेवर, आणि वरून पिवळा उजेड. यजमानीण म्हणते, "हा आमचा कोझी कॉर्नर!" आपण "वा!" म्हणायचं आणि बसायला दुसरीकडे जागा शोधायची, कारण त्या कोपऱ्यात बसायची सोय नसते.

कोपरा देखणा असतो, यात वाद नाही. माझी अडचण निराळी आहे. त्या कोपऱ्यातली एकही वस्तू त्या घरातली नसते. घंगाळ जुन्या बाजारातलं, कंदील प्रदर्शनातला, टाइपरायटर चोरबाजारातला, ट्रंक इंटरनेटवरून मागवलेली. मग या घराचं स्वतःचं घंगाळ कुठे गेलं? घंगाळ सगळ्यांकडेच होतं. पाण्याचे नळ न्हाणीघरात पोचले ते फार उशिरा. त्याआधी बंबातलं कढत पाणी कशात तरी विसणावं लागतच होतं.

ते मोडीत गेलं. आमच्याकडचा तांब्याचा बंब गिझर लागला त्याच आठवड्यात गेला. त्याला निरोप द्यायलाही कोणी थांबलं नाही. उलट न्हाणीघर केवढं मोठं झालं याचंच कौतुक झालं. आयांना यात दोष देऊ नये. पितळेच्या पातेल्याला कल्हई लागते, आणि कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी ठेवली की ती कळकते. दर काही महिन्यांनी कल्हईवाला यायचा, जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, भांडं तापवून त्यात नवसागर टाकायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा. धूर निघायचा, भांडं आतून चांदीचं व्हायचं, आणि आम्ही पोरं तोंड उघडं टाकून बघत राहायचो. हे बघायला छान होतं. रोज चिंच आणि राख घेऊन घासणारीला ते तितकं छान वाटत नसणार. साठ-सत्तरच्या दशकांत स्टेनलेस स्टील घरोघर आलं तेव्हा बायकांनी तांब्यापितळेला ज्या झपाट्याने घालवून दिलं, तो झपाटा मी समजू शकतो. दोन हंडे द्यायचे, स्टीलचा डबा घ्यायचा. कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दुपारी दारात बसायची आणि जरीच्या साडीला एक चहाची गाळणी कमी की जास्त यावर तासभर वाटाघाटी चालायच्या.

मापांचं तर सरकारनेच केलं. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, पुढच्या काही वर्षांत मेट्रिक पद्धत देशभर लागू झाली, आणि पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं हे सगळं कुटुंब एका फटक्यात बेकार झालं. मग पितळी शेर धान्याच्या कणगीतून निघून माळ्यावर गेला, माळ्यावरून भंगारात. आज त्याच शेरात पेन्सिली उभ्या असतात आणि खाली चिठ्ठी असते: "व्हिंटेज ब्रास प्लांटर". पायलीला मात्र सध्या बरे दिवस आहेत. तिच्यात निवडुंग लावतात. चार शेर धान्य मावायचं तिच्यात. निवडुंगाला तेवढं लागत नाही, पण तो तक्रार करत नाही.

लाकडाची गोष्ट अधिक गमतीची आहे. पुण्यात पेठांतले वाडे एकामागून एक पडले. सागवानी खांब, तुळया, कडीपाट, दिंडीदरवाजे, भिंतीतल्या खुंट्यासुद्धा ट्रकमध्ये बसून लाकूडबाजारात गेल्या. बिल्डरबरोबरच्या करारात सगळ्यांनी चौरस फूट वाचले. खांबांचा उल्लेख त्यात असलाच तर 'राडारोडा' या सदराखाली होता. मग त्याच जागेवरच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या एका मित्राने इंटिरिअर डिझायनरला सांगितलं, "जरा वाड्याचा फील द्या." तिने चेन्नईजवळून एक जुना खांब मागवला. आतून उभा चिरून अर्धा केला आणि दूरदर्शन संचाच्या बाजूला भिंतीवर चिकटवला. त्यावर तुळई नाही, त्याखाली तळखडा नाही. दीडएकशे वर्षं छप्पर पेलून झाल्यावर त्या खांबाला आयुष्यात पहिल्यांदाच काहीही काम नाही. निवृत्तीनंतरचं हे सुख किती जणांच्या नशिबी असतं!

मी मित्राला विचारलं, "तुमच्या वाड्यात सोळा होते की रे."

"हो ना," तो म्हणाला, "पण ते आमचेच होते."

या वाक्यात सगळा प्रकार आला. आपली वस्तू जुनी झाली की ती अडगळ, कारण तिच्यामागे आपली माणसं उभी असतात: त्यांची भांडणं, त्यांचे हिस्से, ती घासताना दुखलेले त्यांचे खांदे. दुसऱ्याची वस्तू जुनी झाली की फक्त जुनी. तिच्यामागे कोणीच उभं नसतं. माझ्या चुलत बहिणीच्या माळ्यावर आजीच्या लुगड्यांची, धावदोऱ्याने शिवलेली गोधडी आहे. तिला "वास येतो". सोफ्यावर मात्र बंगालमधल्या कुणा आजीने शिवलेलं कांथा पांघरूण तिरकं टाकलेलं असतं, आणि ते तिरकंच राहावं म्हणून मुलांना त्या बाजूला बसू देत नाहीत. दोन्हींत जुनी लुगडी, दोन्हींत धावदोरा. त्या आजीचा वास ओळखीचा नाही, एवढाच फरक.

परक्या वस्तूंची एक अडचण अशी की त्या पूर्वी काय होत्या हे नव्या मालकाला ठाऊक नसतं, आणि पाहुण्यांतल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला नेमकं ठाऊक असतं. एका घरी जेवायला गेलो होतो. टेबलाच्या मधोमध पितळेची एक सुंदर वस्तू: बसकं पोट, आवळलेला गळा आणि वर फुलासारखं उमललेलं रुंद तोंड. त्यात निशिगंध. घरातल्या सूनबाईंनी ती पाचशे मैलांवरून, प्रवासी बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून आणली होती. शेजारच्या काकूंनी ती बराच वेळ न्याहाळली आणि प्रेमाने म्हणाल्या, "पिकदाणी छान आहे हो! आमच्या सासऱ्यांकडे अशीच होती. ते तंबाखूही खायचे." नंतर पहिला घास कोणी घ्यायचा यावर काही काळ शांतता होती. निशिगंधाने तेवढा वास दिला, पण उशीर झाला होता.

शिलाई मशीनच्या लोखंडी पायट्याचंही असंच. त्यावर काच किंवा संगमरवर टाकून टेबल करतात. दिसतं झकास. पण खाली पायपट्टी तशीच असते आणि तिला आपला पाय दिसला की राहवत नाही. अशा टेबलावर चहाला बसलेला माणूस पाचव्या मिनिटाला नकळत शिवायला लागतो. चारचौघांत गंभीर बोलणं चालू असताना कोणाच्या तरी पायाखाली ब्लाऊज पुरा होत असतो.

मात्र या कोपऱ्यांचा खरा शत्रू पाहुणा नव्हे. तो घरातच असतो आणि सकाळी साडेआठला येतो. जुन्या पितळेवर जो काळपट-हिरवट थर चढतो, त्याचेच तर दुकानात पैसे मोजलेले असतात. तो थर म्हणजे वय. तो थर म्हणजे खानदान. आणि आमच्या मावशी! त्यांनी आयुष्यभर काळवंडलेलं भांडं म्हणजे घरच्या बाईचा आळस, अशी शिकवण पाळलेली. नव्या घरी कामाला लागल्यावर पहिल्याच रविवारी त्या प्रेमाने पितांबरी घेऊन बसतात आणि दोन शतकं धुऊन काढतात. बाहेर येतं ते कालच कारखान्यातून आल्यासारखं पिवळंधमक भांडं. यजमानीण कपाळावर हात मारते. मावशी म्हणतात, "बघा ताई, किती घाण होती! दुकानदाराने फसवलं तुम्हाला, जुनं भांडं दिलं."

दोघीही आपापल्या जागी खऱ्या. पण मत विचारलं तर मी मावशींच्या बाजूने. ज्या आजीचं ते भांडं होतं, तिने त्याला तो थर एक दिवसही चढू दिला नसता. काळं पितळ हे तिच्या संसाराचं चिन्ह नव्हे. ती संपल्यानंतरच्या माळ्याचं चिन्ह आहे.

आता ते नावांचं. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती आणि अजून आहे. दुकानाबाहेर नावं घालणारा बसायचा, टिंबांटिंबांनी अक्षर उमटवायचा. कोणी दिलं, कोणाला दिलं, कोणत्या निमित्ताने, कधी. मुंज, लग्न, डोहाळजेवण, वर्षश्राद्ध. एका परातीवर आख्खं नातं मावायचं. ही परात बाजारातून येऊन भिंतीवर टांगली की तुमच्या दिवाणखान्यात एक अनोळखी लग्न लागतं. माझ्या एका स्नेह्यांच्या भिंतीवर मोठं ताट आहे. काठावर कोणा चि. सौ. कां. ला तिच्या मामांकडून, गाव रहिमतपूर, साल १९५८. नाव सांगत नाही. मंडळी अजून असतील, आणि ताट कसं बाहेर गेलं यावरून त्यांच्यात नवं भांडण नको. पण मी त्या घरी गेलो की माझं जेवणात लक्ष लागत नाही. मामांनी ताट दिलं, म्हणजे भाचीवर जीव होता. मग ते विकलं कोणी? सुनेने? की भाचीनेच, मामांनी दुसऱ्या भाचीला चांदीचं दिलं हे कळल्यावर? आमचे स्नेही म्हणतात, "अरे, तू त्याचं टेक्श्चर बघ ना."

भांडी परवडली. काहीजण माणसंच विकत आणतात. चोरबाजारात आणि इतरत्रही जुने, तपकिरी पडलेले कौटुंबिक फोटो चौकटीसकट मिळतात: पगडी घातलेले, काठी धरलेले, शेजारी कुंडी असलेले गृहस्थ. ते आणायचे आणि जिन्यातल्या भिंतीवर लावायचे. छान दिसतात. एका घरी अशा एका पगडीवाल्यांना मी ओळखीने नमस्कार करून "आजोबा का?" असं विचारलं. यजमान म्हणाले, "नाही, डेकोर." पण ज्या घरात सासूबाई आहेत, तिथे हे टिकत नाही. अशाच एका घरी गावाहून आलेल्या सासूबाईंनी दोन दिवस फोटो पाहिला आणि तिसऱ्या दिवशी त्याला चंदनाचा हार घातला. भिंतीवर म्हातारा माणूस, तोही काळ्यापांढऱ्या रंगात, आणि हार नाही म्हणजे काय? आता तो हार काढायची कोणाची हिंमत नाही. सर्वपित्री अमावास्येला त्यांचंही पान वाढलं जातं असं ऐकतो. पितरांना काय, त्यांना पत्ता बरोबर असल्याशी मतलब.

हा माल येतो कुठून हे पाहायचं असेल तर पुण्यात रविवारी किंवा बुधवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जावं, किंवा मुंबईत भेंडी बाजाराजवळच्या मटन स्ट्रीटवर. शुक्रवारी तिथली पक्की दुकानं बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावरच बाजार मांडलेला असतो. खरे दर्दी अंधारातच टॉर्च घेऊन पोचतात. उजाडल्यावर जे उरतं, ते तुमच्या-माझ्यासाठी.

जुन्या बाजारातलं संभाषण ठरलेलं असतं. मी एक स्टोव्ह उचलला.

"साहेब, इंग्रजांच्या काळातला आहे."

"अहो, यावर आयएसआयचा शिक्का आहे."

विक्रेत्याने शिक्का पाहिला, मला पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "मग? इंग्रज गेल्या-गेल्या बनवलाय."

यावर उत्तर नाही. मी स्टोव्ह घेतला.

मुंबईत मालाच्या तीन जाती असतात: जहाजाचा, राजवाड्याचा आणि पारशाच्या घरातला. जहाजाचा म्हणजे पितळेचे दिवे, गोल खिडक्या, होकायंत्रं. जहाजं खरंच मोडतात, दारूखान्यात ते काम कित्येक वर्षं चाललेलं आहे, तेव्हा काही माल खराही असतो. पण लंडनच्या कंपनीचं नाव आणि १९१७ साल कोरलेली होकायंत्रं इतकी मिळतात की पहिल्या महायुद्धात इंग्रजांचं अर्धं आरमार वाट चुकत असलं पाहिजे. राजवाड्याच्या मालाबद्दल मी बोलत नाही. संस्थानं विलीन झाली, पण त्यांच्या आरामखुर्च्या अजून विणून होतायत. सर्वांत जास्त भाव मात्र पारशी घरातल्या कपाटाला. बेल्जियन आरसा, बर्मा टीक, "बावाजी का माल है, सेठ". ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात तर हे वाक्य पाटीवर लिहून ठेवावं इतकं ऐकू येतं. २०११च्या जनगणनेप्रमाणे सगळ्या देशात पारशी होते ५७,२६४. त्यांच्या नावावर विकली गेलेली कपाटं मोजली तर बिचाऱ्यांना घरात उभं राहायलाही जागा नसणार. हा समाज कपाटातच राहत होता की काय, अशी शंका येते.

नकली माल ओळखायच्या काही युक्त्या आहेत. त्या मी बाजारातच, समोरच्याच्या खर्चाने शिकलो. पेशवेकालीन म्हणून दाखवलेल्या पेटीच्या बिजागऱ्या बघाव्यात. स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच असेल तर पेटी खाली ठेवावी, कारण असा स्क्रू जगात आला तो १९३०च्या दशकात. बाजीरावांना तो मिळणं अवघड होतं. राजा रविवर्म्याचं चित्र असेल तर भिंग लावावं. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ती चित्रं दगडावरून छापलेली. भिंगातून त्यांतले कण आडवेतिडवे दिसतात. ठिपके जर कवायतीला उभे राहिल्यासारखे रांगेत दिसले, तर ते चित्र अलीकडच्या ऑफसेटवरचं. कागद चहाच्या पाण्यात आंघोळ करून आलाय, इतकंच. पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिसला तर हात जोडावेत. नव्याने जुळवून केलेले ते शेकड्यांनी मिळतात. खोका नवा, कर्णा नवा, कुत्र्याचं चित्र तर कालचं. तबकडी लावली की त्यातून जो आवाज येतो, तो ऐकून कुत्रासुद्धा मालकाचा आवाज ओळखणार नाही.

तांब्याच्या भांड्यांबाबत एक इशारा मात्र हसण्यावारी नेऊ नये. कोणी कानाशी येऊन म्हणालं की या भांड्याकडे तांदूळ आपोआप ओढले जातात, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळचं आहे, परदेशात याला कोटींचा भाव आहे, तर तिथून चालू लागावं. 'राइस पुलर' या नावाने हा धंदा चालतो, त्यात चांगली शिकलेली माणसं लाखो रुपये घालवून बसली आहेत आणि पोलिसांत गुन्हे नोंदले गेले आहेत. तांदूळ आपोआप ओढून घेणारं एकच भांडं मला माहीत आहे. त्याला कुकर म्हणतात.

कायद्याचंही सांगून टाकतो. १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या हिशेबाने वस्तू पुरावस्तू ठरायला किमान शंभर वर्षं व्हावी लागतात, हस्तलिखिताला पंचाहत्तर. म्हणजे तुमचा १९६० सालचा रेडिओ कायद्याने अजून तरुण आहे. त्याला त्या काळी परवाना लागायचा आणि त्याची फी पोस्टात भरायची. आज परवाना नको आणि रेडिओही लागत नाही, सोय झाली.

मग आणलेला माल मांडायचा कसा? त्याचं मोठं शास्त्र आहे. वस्तू विषम संख्येत ठेवायच्या, तीन किंवा पाच. उंची सारखी नको. सगळ्यांच्या खाली एक तबक. एखादी वस्तू जिवंत हवी, म्हणजे झाड. खाली दोनतीन जुनी पुस्तकं, आडवी. एका घरी मी डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड दिव्याखाली पाहिले. एकूण २३ खंड आहेत. त्यातले तीन वापरले की दिवा बरोबर सोफ्याच्या हाताइतका वर येतो, चार घेतले तर डोळ्यांवर उजेड पडतो. केतकरांनी महाराष्ट्रात ज्ञानाचा प्रकाश पाडायचा म्हणून जन्म घालवला. इथे निदान पाच इंच तरी पडतोय. दुसऱ्या एका घरी तर पुस्तकं पाठ भिंतीकडे करून लावली होती, कारण पानांचा पिवळसर रंग पडद्याला जुळतो. कोणतं पुस्तक कुठे आहे हे कळत नाही, पण ती वेळ येत नसावी.

आणि हे सारं ऊबदार दिसलं पाहिजे. ठाण्यात. मे महिन्यात. लोकरीची शाल, जाड गालिचा, सुगंधी मेणबत्ती. मेणबत्ती तेवायची तर पंखा बंद करावा लागतो, आणि पंखा बंद केला की पाहुणे उठतात. त्या अर्थाने ती उपयुक्त आहे. जुलै लागला की पुस्तकांना बुरशी, ट्रंकेला गंज, पितळेला हिरवा रंग आणि गालिच्याला असा वास की त्यापुढे आजीची गोधडी अत्तर वाटावी. कोकणपट्टीच्या हवेत ऊब विकत आणावी लागत नाही. ती फेडायला माणसं महाबळेश्वरला जातात.

मला तर या सगळ्यापेक्षा आमच्या जुन्या शोकेसची आठवण येते. काचेची दारं, आत ट्यूबलाइट. संगमरवरी ताजमहाल, कन्याकुमारीचे शंख, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधीच बाहेर न काढलेली बाहुली, शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीतला दुसरा क्रमांक आणि कपांचा एक सेट, ज्यातून चहा प्यायला राष्ट्रपतीच यायला हवे होते. कुरूप होतं. जोड्याजोड्यांनी मांडलेलं असायचं, विषम काही नाही. पण त्यातली एकेक वस्तू त्या घरात काहीतरी घडलं म्हणून आलेली होती. ताजमहाल पाहिला होता, शर्यत धावली होती. आजच्या सुंदर कोपऱ्याकडे बघून त्या घरातल्या माणसांबद्दल एवढंच कळतं की त्यांना पिवळा उजेड आवडतो.

दुसऱ्यांच्या घरातल्या वस्तू गोळा करणं मुळात वाईट नाही. दिनकर केळकरांनी जन्मभर तेच केलं. चष्म्यांचा व्यवसाय करणारा, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारा हा माणूस गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, कुंकवाचे करंडे आणत राहिला, आणि तेही लोकांना त्या वस्तू कवडीमोल वाटत होत्या तेव्हा. पत्नी कमलाबाई सोबतीला. गेलेल्या लेकाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय केलं आणि १९७५ साली वीस हजारांवर वस्तूंचा हा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. पण त्यांनी पायाची वज्री ही पायाची वज्री म्हणूनच ठेवली. तिच्यात मनीप्लँट लावला नाही. पुण्याच्या त्या संग्रहालयात कधीही जा, एक वाक्य ऐकू येतं. काचेपुढे उभी असलेली कोणीतरी बाई शेजारणीला कोपराने ढोसून म्हणते, "हे आमच्याकडे होतं गं!" दिव्यापुढे, रोवळीपुढे, पानाच्या डब्यापुढे, तेच वाक्य, आणि क्रियापद कायम भूतकाळी.

तेव्हा वाचकांना दोन विनंत्या. माळा आवरायला काढाल तेव्हा पोतं बांधण्याआधी भांड्यांच्या काठावरची नावं तरी मोठ्याने वाचा. घरातल्या कोणाला ना कोणाला ती माणसं आठवतील, आणि निदान एक भांडं पोत्याबाहेर राहील. आणि एखाद्याच्या सजवलेल्या कोपऱ्यात तुमच्याच मावशीच्या नावाचं पातेलं दिसलं तर भांडू नका, त्यांनी ते रोख पैसे देऊन घेतलं आहे. त्यात पूर्वी काय शिजायचं ते फक्त त्यांना सांगा. पिकदाणी दिसली तर मात्र जेवणं होईपर्यंत गप्प बसा.